उखळातली तीन बोटं

ही गोष्ट खरी आहे.

जिच्या बाबतीत ती घडली, तिच्या मांडीवर मी वाढले. तिचं नाव क्वेटी. माझ्या आजीची ती थोरली बहीण, आणि आम्हा चेरोकी लोकांत आजीची बहीण म्हणजे आजीच. तिला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नाही. उलट, आपल्या घरात एखादा तरी खोटारडा असायला हवा होता, असं ती म्हणायची. ते का, ते पुढे येईल.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही सकाळची आहे.

साल १८३९. महिना जानेवारी. सूर्य डोंगराआडून वर यायच्या जरा आधीची वेळ. जागा अमेरिकेतल्या जॉर्जियातली, एलिजे गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठचं आमचं घर.

‘आमचं’ हे मी सवयीने म्हणते. त्या जानेवारीत ते आमचं राहिलं नव्हतं.

ते घर क्वेटीच्या आईचं. आईच्या मागे दोघी बहिणींचं. आमच्यात घर बाईचं, शेत बाईचं आणि मूल बाईच्या कुळाचं. नवरा येऊन राहतो, पटलं नाही तर आपलं घोंगडं उचलून चालता होतो. पण क्वेटीने गोरा नवरा केला. ह्यू लॉरी नावाचा लोहार. त्यामुळे ती दोन मैलांवर, रस्त्याकडेला, त्याच्या भट्टीशेजारी राहायला गेली. धाकटी एगी घरीच राहिली. एगीचा नवरा तापाने गेला होता. मागे एक मुलगी, लिसी. तीन वर्षांची.

क्वेटीला पोटचं मूल नव्हतं. ह्यूचे लोक त्यावरून हळहळायचे. आमच्यातलं कोणी हळहळलं नाही, कारण लिसी होती. बहिणीची मुलगी ती आपली मुलगी. लिसीला दोन आया होत्या, आणि जिच्याकडे खायला जास्त असेल तिच्या मागे ती फिरायची.

लिसीला एक खोड होती. एगी सकाळी अंगणातल्या लाकडी उखळात मका कांडायची. पीठ जरा बारीक झालं की ही मागून यायची, तीन बोटं पिठात घालायची आणि कच्चंच तोंडात टाकायची. पिठावर तीन इवल्या रेघा उमटायच्या.

“घरात उंदीर झालाय, तीन नखांचा,” एगी म्हणायची.

खोड एगीलाही होती. दोन ठोके घातले की मुसळ उखळाच्या कडेवर हलकेच आपटायची. चिकटलेलं पीठ झडावं म्हणून.

धप्... धप्... टक्.

कड फुटेल म्हणून आई आयुष्यभर तिला बोलली. एगीने आयुष्यभर ऐकलं नाही. त्या खोऱ्यात दुसरी कोणीही बाई तसं कांडत नव्हती. ओढ्यापलीकडून नुसता आवाज ऐकून क्वेटी सांगायची, एगी उठली म्हणून.

हे लक्षात ठेवा.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात शिपाई आले. तेही सकाळीच, कांडणाच्या वेळी.

सगळ्या चेरोकींनी मिसिसिपीपलीकडे निघून जायचं, असं वॉशिंग्टनात बसलेल्यांनी ठरवलं होतं. मुदतही संपली होती. पण इतक्या माणसांना उचलून कोण कुठे नेणार, असं आमच्या लोकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. एगीने मका पेरला होता. गुडघ्याएवढा आलाही होता. जायचं असतं तर कोणी पेरतं का?

आमच्या दाराशी आंबिलीचं मडकं असायचं. मक्याची आंबील, वर लाकडी पळी. दारात येईल त्याला आधी पळी भरून द्यायची आणि मग विचारायचं, का आलात. पाहुणा कोण आहे, कुठल्या कामाने आलाय, हे खाण्याआधी विचारणं वाईट दिसतं.

अंगणात सहा शिपाई संगिनी लावून आले. एगीने मुसळ उखळात उभं ठेवलं आणि पळी भरली.

पहिला शिपाई वयाने लहान होता. उपाशी असावा. त्याने आंबील प्यायली, तोंड पुसलं... आणि संगिनीने रस्ता दाखवला.

उखळातला मका कांडून होईपर्यंत थांबा, असं एगीने खुणेने सांगितलं. तुम्हालाही भाकरी करून घालते म्हणाली. त्यांना वाटलं बाई टाळाटाळ करतेय. तिला घोंगडंसुद्धा घेऊ दिलं नाही.

कुंपणाबाहेर एक गाडी उभी होती. गाडीत पलंग, कोंबड्यांचा पिंजरा आणि लेव्ही स्टब्ज नावाचा माणूस. जॉर्जिया सरकारने आमच्या जमिनींची सोडत काढली होती. चिठ्ठीत ह्याला आमचं घर लागलं होतं. बक्षीस लागावं तसं. त्याची बायको डॉरकस शेजारी बसली होती. तिने येताना स्वतःचा झाडू आणला होता. आमची घाण काढायला.

क्वेटी धावत पोचली तेव्हा एगीला अंगणाबाहेर काढलं होतं. एगीने लिसीला उचलून तिच्या कडेवर दिलं.

“ताई, हिला तू ने. गोऱ्याच्या बायकोला ते नेत नाहीत.”

अंमलदाराच्या हातात यादी होती. ह्या घरात माणसं दोन, असं यादीत लिहिलेलं. त्याने दुभाष्यामार्फत विचारलं, हे मूल कोणाचं?

“माझं,” क्वेटी म्हणाली. आणि ते खरं होतं.

तेवढ्यात मागून ह्यू आला. कातड्याचा एप्रन तसाच अंगावर. आदल्याच दिवशी त्याने ह्याच अंमलदाराच्या घोड्याला नाल ठोकले होते. अंमलदाराने क्वेटीकडे पाहिलंच नाही. तो ह्यूशी बोलला.

“लॉरी, ही तुझी मुलगी आहे का?”

एक शब्द हवा होता. फक्त एक.

ह्यू बायबल वाचणारा माणूस. गिऱ्हाइकाला एक खिळासुद्धा जास्त लावला नाही त्याने कधी.

“नाही साहेब. माझ्या मेहुणीची आहे.”

अंमलदाराने लिसीला क्वेटीच्या कडेवरून उतरवून घेतलं. हळूच घेतलं, दांडगाई केली नाही. क्वेटी हे दर वेळी सांगायची. मला वाटतं तेच तिला जास्त लागलं होतं.

एगी रडली नाही. चालता चालता वळून एवढंच म्हणाली, “ताई, उखळात मका राहिलाय. भिजवलेला आहे, खराब होईल. कांडून ठेव.”

पण तोपर्यंत डॉरकस आत शिरली होती. मडक्यातली आंबील अजून कोमट होती. त्यांनी ती खाल्ली.

त्या संध्याकाळी ह्यू म्हणाला, “मी खोटं कसं बोलणार होतो? ती आपली मुलगी नाही.”

“तुझी नव्हती. माझी होती,” क्वेटी म्हणाली. “आणि त्याने मला विचारलंच नाही.”

त्यानंतर ती त्याच्यासाठी रांधत राहिली, धूत राहिली. बोलणं मात्र कामापुरतं उरलं.

पकडलेल्यांना शिपायांनी लाकडी कोटात ठेवलं होतं, तिथे ती तीन वेळा भाकऱ्या घेऊन गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या लोकांना गुरांसारखं कोंडलं होतं. हगवणीने रोज पोरं मरत होती. लिसी फळ्यांच्या फटीतून हात बाहेर काढायची. चौथ्या वेळी क्वेटी गेली तेव्हा कोट रिकामा होता. उत्तरेला टेनेसीत हलवलं, कोणीतरी सांगितलं. पुढे पानगळीत कळलं की तिथूनही पायी निघाले.

मग काहीच कळलं नाही.

आता जानेवारी.

डॉरकस स्टब्ज एका सकाळी भट्टीवर आली. एकटी, चालत. ह्याआधी ती क्वेटीशी कधी बोलली नव्हती. क्वेटीनेही तिला लांबूनच पाहिलं होतं, आमच्या उखळात मका कुटताना. आमचं मुसळ वर जाड असतं, खाली बारीक. वरच्या वजनाने ते आपोआप पडतं. ही बया ते उलटं धरून जाड टोकाने कुटत होती. दाणे अंगणभर उडत होते. क्वेटी रस्त्यावरून बघत होती आणि तिने तोंड उघडलं नाही. स्टब्जांच्या कोंबड्या त्या वर्षी चांगल्या पोसल्या.

डॉरकस दारातच उभी राहिली.

“लोहारीणबाई, तुमच्यातलं कोणी डोंगरात लपलंय का?”

“का?”

“सकाळी आमच्या अंगणात कोणीतरी कांडतं... दार उघडलं की थांबतं. लेव्ही बंदूक घेऊन बसला होता. त्याला कोणी दिसलं नाही. अंगणभर पांढरं दंव पडलेलं असतं, बाई. त्यावर एक पाऊल नाही.”

क्वेटीने हातातलं काम खाली ठेवलं.

“कसा आवाज?”

डॉरकसने मूठ वळली आणि ऐरणीखालच्या ओंडक्यावर दोनदा मारली. थांबली. मग नखाने ऐरणीवर एकदाच...

टक्.

क्वेटीच्या अंगावर काटा आला. पण भीतीचा नाही, आनंदाचा. वाटेतून पळून डोंगरातून परत आलेले काही जण होते. एगी आली! पोरीला घेऊन आली आणि लपत छपत स्वतःच्याच घरी कांडून जातेय, असं तिने मनात पक्कं केलं. डॉरकसला म्हणाली, उद्या येऊन बघते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

अंगण पांढरं होतं. उखळ दिसत होतं. त्यात मुसळ उभं होतं. आसपास कोणी नव्हतं.

डोंगराची कड जरा तांबूस झाली...

धप्.

क्वेटी कुंपणावरून वाकली.

धप्... टक्.

मुसळ हललं नव्हतं. त्याच्या डोक्यावर बोटभर दंव साचलं होतं. ते जसंच्या तसं होतं. आणि आवाज त्यातूनच येत होता.

“एगी?”

आवाज थांबला.

क्वेटी कुंपणाला टेकून खाली बसली. जिवंत माणूस दंव न मोडता कांडत नाही. एगी कुठेतरी वाटेत गेली होती आणि राहिलेलं काम पुरं करायला घरी आली होती. हे समजायला तिला कोणा जाणत्याला विचारावं लागलं नाही.

रडू येण्याआधी दुसराच विचार आला. एगी गेली, तर लिसी कोणाजवळ आहे?

उखळ रिकामं होतं. एगी जाताना सांगून गेली होती, मका कांडून ठेव. क्वेटीने घरी जाऊन राखेच्या पाण्यात मका भिजवला, सालं काढली, धुतला. संध्याकाळी तो घेऊन डॉरकसच्या दारात उभी राहिली. स्वतःच्या आईच्या अंगणात पाऊल टाकायला परवानगी मागितली.

“टाक बाई, काय टाकायचं ते टाक. पण हे थांबव,” डॉरकस म्हणाली.

सकाळी उखळात पीठ होतं. बारीक, एकसारखं, एगीच्या हातचं. क्वेटीला वाटलं, झालं, आता ती सुटली. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा आवाज आला. क्वेटीने पुन्हा मका नेला.

तिसऱ्या सकाळी ती उखळात वाकली, आणि...

पिठावर तीन रेघा होत्या.

इवल्या. शेजारी शेजारी. कोणीतरी बोटं घालून पीठ उचललं होतं.

डॉरकस मागून डोकावली. “काय आहे? उंदीर?”

“हो. उंदीरच,” क्वेटी म्हणाली.

आणि तळहाताने तिने ते पुसून टाकलं.

कारण ह्या उखळाशी मेलेली माणसं येत होती. एगी मेली म्हणून आली. मग ही बोटं आली, तर... पुढचं तिला मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं. पुसलं की ते झालंच नाही. लिसी कुठेतरी जिवंत आहे. चालतेय. कोणाच्या तरी कडेवर आहे.

मग हे रोजचं झालं. संध्याकाळी मका घालायचा. सकाळी जायचं. तीन रेघा दिसायच्या. पुसायच्या.

ह्यूने विचारलं, रोज कुठे जातेस. ती म्हणाली, तू खरं बोलतोस ना, मग मला विचारू नकोस, उगाच कोणाला सांगशील.

एका सकाळी ती पीठ सारखं करत होती. मागे कोणीतरी उभं होतं.

डॉरकस नव्हती. डॉरकसचं दार बंद होतं.

ते जे होतं ते क्वेटीच्या गुडघ्याएवढं होतं. हे तिला न बघताच कळलं. तिच्या झग्याचा घेर कोणीतरी धरला... आणि ओढला. एकदा. मग पुन्हा एकदा, जरा जोरात. पोरं ओढतात तसा.

क्वेटी वळली नाही. वळून बघितलं असतं तर सगळं ठरून गेलं असतं. ती समोरच्या कुंपणाकडे बघत राहिली आणि तिचा हात पिठावरून फिरत राहिला. रेघा पुसल्या गेल्या.

घेर सुटला.

असे महिनाभरावर दिवस गेले. मग एका सकाळी पीठ सपाट होतं. एकही रेघ नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही.

म्हातारपणी हे सांगताना क्वेटी मान खाली घालायची. त्या सकाळी तिचा जीव भांड्यात पडला होता. लिसी आता येत नाही, म्हणजे कधी आलीच नव्हती, उंदीरच असेल, असं तिने स्वतःला पटवलं. मका घालायचंही तिने थांबवलं.

एगी मात्र येतच राहिली.

धप्... धप्... टक्. रिकाम्या उखळात. रोज.

लेव्ही स्टब्जचं डोकं फिरलं. त्याने कुऱ्हाडीने उखळ फोडलं, मुसळाचे दोन तुकडे केले आणि सगळं चुलीत घातलं. चांगलं वाळलेलं लाकूड होतं, लख्ख जळलं.

दुसऱ्या सकाळी आवाज घरातून आला. चुलीच्या खालून.

त्याच दिवसापासून आणखी एक सुरू झालं. डॉरकस दार उघडायची, आणि उंबऱ्याबाहेर लाकडी पळी ठेवलेली असायची. आंबिलीने काठोकाठ भरलेली. कोमट. ती पळी त्यांनी केव्हाच फेकून दिली होती.

डॉरकस पुन्हा भट्टीवर आली. डोळे आत गेले होते. ह्या वेळी ती दारात थांबली नाही, आत येऊन खाली बसली.

“काय हवंय तिला? मी काय देऊ?”

“काही नको तिला,” क्वेटी म्हणाली. “आमच्यात आलेल्याला खायला घालतात. खाऊन झालं की पाहुणा उठतो आणि आपल्या घरी जातो. तिने तुम्हाला खायला घातलंय. तुम्ही उठायची ती वाट बघतेय.”

डॉरकस हळू आवाजात म्हणाली, “आम्हाला दुसरं घर नाही, बाई.”

“तिलाही नव्हतं.”

वसंतात डॉरकस आपला झाडू घेऊन माहेरी गेली. लेव्ही वर्षभर एकटा राहिला, मग त्याने घर विकलं. घेणाऱ्यानेही विकलं. नंतर कोणी घेईना.

डॉरकस गेली त्याच उन्हाळ्यात ह्यूच्या ओळखीच्या एका पाद्र्याचं पत्र आलं. तो आमच्या लोकांबरोबर पायी गेला होता. मिसिसिपीच्या अलीकडच्या काठावर, बर्फ वाहून जायची वाट बघत तळ पडला होता, तिथे जानेवारीत एगी गेली. रस्त्याकडेला पुरलं. मुलीबद्दल पत्रात काही नव्हतं.

ह्यू म्हणाला, लिहून विचारतो.

“नको. मला माहीत आहे,” क्वेटी म्हणाली.

तिने ती बोटं पाहिली होती ना. पुसली तरी पाहिली होती. उंदीर होता असं स्वतःला कितीही सांगितलं, तरी आत कुठेतरी ती तीन बोटं तिने कधीच पुरून टाकली होती. मेलेल्या मुलीची चौकशी कोण करतं? सोळा वर्षं तिने कोणाला विचारलं नाही.

सोळाव्या वर्षी ह्यू वारला. भट्टी त्याच्या पुतण्याने घेतली. क्वेटीला जॉर्जियात कोणी उरलं नाही. आपल्या लोकांत मरावं म्हणून ती पश्चिमेला निघाली. आमच्यात परक्या गावात गेलेल्याने आपल्या कुळाचं घर विचारायचं असतं. तिथे जागा मिळतेच. क्वेटी हरणाच्या कुळाची. आमच्या लोकांनी तिकडे वसवलेल्या टाहलेक्वा गावाच्या पुढे एका वस्तीवर तिने विचारलं, आणि लोकांनी टेकाडावरचं एक घर दाखवलं.

सकाळची वेळ होती. ती टेकाड चढत होती, आणि वरून आवाज आला...

धप्... धप्... टक्.

ती थांबली. हे आपल्या मागे इतक्या लांब आलं, असं तिला वाटलं. परत फिरावं असंही वाटलं. पण जायला दुसरी जागा नव्हती.

अंगणात विशीतली एक मुलगी कांडत होती. तिच्या कपाळावर घाम होता. जमिनीवर तिची सावली पडली होती. मुसळ खरंच वर जात होतं आणि खरंच खाली येत होतं.

मुलीने पाहुणी पाहिली. मुसळ ठेवलं, दाराशी गेली, पळी भरून आणली. क्वेटीने आंबील प्यायली. मग मुलीने विचारलं, कुठून आलात, कोणाकडच्या?

क्वेटीने उलट विचारलं, “तुझी आई कोण?”

“दोन होत्या. एक वाटेत गेली. दुसरी तिकडेच राहिली.”

मुलीला माणसांची आवड होती, बोलायची सवय होती. पाहुणीला सावलीत बसवून ती आपणच सांगू लागली. नदीकाठी आई गेल्यावर कुळातल्या एका बाईने तिला उचलून घेतलं. तळावर खायला खारवलेलं डुकराचं मांस आणि किडका गहू. पोरं पटापट मरत होती. ही मात्र काही खात नव्हती तरी सुकली नाही. सकाळी उठायची तेव्हा हिच्या उजव्या हाताची तीन बोटं पांढरी असायची. मक्याचं पीठ लागलेलं. साऱ्या तळावर मक्याचा एक दाणा नव्हता. त्या बाईने कुठूनतरी चोरून आणलं म्हणून बायका तिच्याशी भांडल्या.

“मी त्यांना सांगायची, मी घरी जाते म्हणून. झोपले की जायचे. आई कांडत असायची. मी खायचे. कोणाला खरं वाटायचं नाही. तुम्हालाही नाही वाटणार.”

क्वेटीने रिकामी पळी दोन्ही हातांनी धरली.

“दुसरी आईपण असायची तिथे,” मुलगी म्हणाली. “मका तीच आणायची. मला वाटायचं माझ्यासाठीच आणते. मी हाका मारायचे. एकदा झगासुद्धा ओढला तिचा. पण ती माझ्याकडे बघायचीच नाही. माझी बोटं जिथे उमटली असतील तिथे हात फिरवून पुसून टाकायची. रोज. मग मला कळलं, मी खाल्लेलं तिला आवडत नाही. म्हणून मी जायचं बंद केलं.”

क्वेटीच्या हातातली पळी खाली पडली.

तिने आपलं नाव सांगितलं. लिसी उठली आणि तिने भाकरी वाढली. त्या दिवसापासून लिसी तिला आई म्हणू लागली. पुढची पंचवीस वर्षं क्वेटी त्या घरात राहिली. आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं. पण ‘तू का पुसत होतीस’ हे लिसीने कधी विचारलं नाही, आणि क्वेटीने कधी सांगितलं नाही.

सांगितलं मला. आई, म्हणजे लिसी, घरात नसताना. मी म्हटलं, आजी, तू आईला सांगून टाक ना, तिचा गैरसमज जाईल.

“काय सांगू?” ती म्हणाली. “तुला मेलेली समजून पुसलं, हे जिवंत पोरीला कसं सांगायचं? पहिल्यांदा माझ्या कडेवरून त्यांनी उतरवून घेतली. दुसऱ्यांदा ती आपल्या पायांनी आली होती, आणि मी तिला घालवली.”

आता दोघीही नाहीत. हे नेमकं काय होतं, मला सांगता येत नाही. जिवंत पोर झोपेत इतक्या लांब कसं गेलं, आणि पीठ बोटांना कसं लागून आलं, ह्याचं उत्तर क्वेटीकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नाही.

लिसीचं उखळ माझ्या अंगणात आहे. हे लिहायला बसले त्याला एक कारण आहे, तेही सांगून टाकते.

गेल्या पानगळीत माझ्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्याच मुलीला, दूरच्या सरकारी शाळेत नेलं. सात वर्षांची आहे. यादीत नाव होतं म्हणाले. तिथून महिन्याला पत्र येतं. अक्षर तिचं नसतं. ती मजेत आहे, असं त्यात लिहिलेलं असतं.

नोव्हेंबरपासून सकाळी उखळातल्या पिठावर खुणा असतात.

तीन बोटांच्या नाहीत. पाचही बोटांच्या, तळव्यासकट. ही पहिल्यापासूनच अधाशी.

मी रोज मागे वळून बघते. कोणी दिसत नाही. तरी वळते, आणि तिचं नाव घेऊन, ये गं, म्हणते. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

पण मी पुसत नाही. आणि मका हल्ली जरा जास्तच घालते.